केशराच्या डबीतली नाळ

मित्रांनो, मी एक वाळलेली नाळ आहे. करंगळीच्या पेराएवढी, काळपट, सुकलेल्या आल्याच्या तुकड्यासारखी. आज मला पाहून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण एके काळी मी ओली, निळसर पांढरी आणि होडीच्या दोरासारखी पिळदार होते. एक अख्खं बाळ माझ्या जिवावर जगत होतं.

त्या बाळाचं नाव जानकी. घरात तिला जानू म्हणत. तिची आई रुचिका ही बोरीवलीची मुलगी, कॉलेज शिकलेली. लग्न करून ती खारदांड्याच्या कोळीवाड्यात आली. बाबा हर्षद अंधेरीला नोकरी करायचा. आजी सुगंधा बाजारात मासळी विकायची आणि उरलेल्या वेळात सगळ्या घरावर लक्ष ठेवायची.

जानू पोटात होती तेव्हा माझ्यात तीन नळ्या होत्या. एक नळी आईकडचं अन्न आणि प्राणवायू जानूकडे न्यायची, दोन नळ्या वापरलेलं रक्त परत आणायच्या. तेवढे महिने मला एकटेपणा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. एका टोकाला आईच्या हृदयाचा ठोका, दुसऱ्या टोकाला लेकीच्या हृदयाचा ठोका, आणि मधे मी.

मग जानू जन्मली. माझ्यावर चिमटा बसला, कात्री चालली. बेंबीला चिकटून राहिलेला तुकडा म्हणजे मी, जानूबरोबर घरी आले आणि थोड्याच दिवसांत अंघोळीच्या वेळी गळून पडले. रुचिका इतकी घाबरली की तिने तांब्या तसाच सोडला.

"आई, हे बघा ना काय झालं. रक्त आलंय का? डॉक्टरांकडे नेऊ या का?"

"काय होत नाय गो," सुगंधा म्हणाली. "नाल पडली. पडायचीच ती. तुझ्या नवऱ्याची पण पडली होती, तवा मी काय टॅक्सी केली नव्हती."

या घरात बाळाची नाळ टाकत नाहीत. सुगंधाने मला खिडकीत सावलीला, वाऱ्यावर ठेवलं. वर पातळ फडकं, म्हणजे माशी बसायला नको. रुचिका बाळंतपणाआधी दुधात केशर घालून प्यायची, त्याची चपटी पत्र्याची डबी रिकामी झाली होती. मी कोरडी ठणठणीत झाल्यावर त्या डबीत गेले. अजूनही माझ्या अंगाला केशराचा वास आहे. जानूला मात्र तो कधी कळला नाही, कारण डबी उघडायचं तिचं वयच झालं नाही.

मित्रांनो, पुढचं सांगण्याआधी तुम्हाला माझ्या आत डोकावायला हवं. वाळलेल्या तुकड्यात असणार तरी काय, असं तुम्ही म्हणाल.

माझ्यात लाखो पेशी आहेत. प्रत्येक पेशीच्या मधोमध एक केंद्रक, आणि त्या केंद्रकात गुंडाळून ठेवलेला डीएनए नावाचा दोर. हा दोर इतका बारीक आहे की तो डोळ्यांना दिसत नाही, आणि इतका लांब आहे की एका पेशीतला दोर सरळ केला तर तो तुमच्या बाबांच्या उंचीहून लांब भरेल. तो दुपदरी असतो. दोन पदर एकमेकांभोवती वळलेले, कोळीवाड्यात दोर वळतात तसेच.

हा दोर ज्या लहान लहान तुकड्यांनी बनतो त्यांना न्यूक्लिओटाइड म्हणतात. एका न्यूक्लिओटाइडचे तीन भाग असतात. एक छोटी साखर, तिला जोडलेलं एक फॉस्फेट, आणि बाजूला हात पुढे केल्यासारखा एक बेस. एकाची साखर पुढच्याच्या फॉस्फेटला धरते, असं करत करत पदर लांबत जातो. बेस मात्र समोरच्या पदराकडे हात करून असतात. त्यांचे चारच प्रकार आहेत: अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. अ‍ॅडेनिन धरणार तर थायमिनचाच हात, ग्वानिन धरणार तर सायटोसिनचाच. म्हणून एक पदर हरवला तरी दुसऱ्याकडे बघून तो जसाच्या तसा वळता येतो. पेशी दुभंगते तेव्हा नेमकं हेच होतं. दोर उकलतो, प्रत्येक पदर आपला नवा जोडीदार बांधून घेतो आणि एकाचे दोन दोर होतात.

या चार बेसच्या ओळीत सगळं काही ठरलेलं असतं. डोळ्यांचा रंग, केसांचं वळण, आणि अन्न पचवून ताकद कशी काढायची तेसुद्धा. पण मूळ दोर केंद्रकाबाहेर जात नाही. काही करायचं असेल तेव्हा तेवढ्याच भागाची एकपदरी नक्कल निघते. ती आरएनए. तिच्यात थायमिनच्या जागी युरॅसिल असतं आणि ती फार नाजूक असते. ती बाहेर जाते, आणि तिचे तीन तीन बेस वाचून पेशी प्रथिनं बनवते. प्रथिनं म्हणजे पेशीतले कामकरी. नक्कल चुकली तर एक कामकरी बिघडेल. मूळ दोरच चुकला असेल तर तो कामकरी प्रत्येक वेळी बिघडलेलाच निघेल.

मी वाळले तेव्हा माझ्यातलं पाणी गेलं आणि पाण्याबरोबर हालचाल गेली. आरएनए आधी विरून गेली. डीएनए तुटला, त्याचे तुकडे झाले, पण ते तुकडे राहिले.

जानू रांगायला लागली, उभी राहायला लागली. वर्षाच्या आत जावळ काढायचं म्हणून बोरीवलीहून तिचा मामा आला. त्याने तिला मांडीवर घेतलं, कात्रीने जावळ कापलं आणि तिच्या हातात बत्तासा दिला. रुचिकाने जावळ एका कापडी पिशवीत घालून माझ्या डबीशेजारी, कपाटाच्या खणात ठेवलं. मला ते आवडलं होतं. शेजार झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जानूला ताप आला.

साधाच ताप होता. डॉक्टरांनी औषध दिलं. सकाळपासून जानू किरकिर करत होती, दूध घेत नव्हती, घेतलं तरी उलटत होती. रुचिका तिला खांद्यावर घेऊन खोलीतल्या खोलीत फिरत होती, दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावत होती. दुपारी जानूचा डोळा लागला. रुचिकाने तिला हळूच पाळण्यात ठेवलं. स्वयंपाकघरात सुगंधा मिक्सरमध्ये मसाला वाटत होती. रुचिकाने दारातून खूण केली. सुगंधाने लगेच मिक्सर बंद केला आणि उरलेली मिरची तशीच झाकून ठेवली. दोघी चवड्यांवर चालत होत्या. सकाळपासून बिचारीला आत्ता कुठे झोप लागली, म्हणून दोघींना बरं वाटत होतं.

संध्याकाळी दोघी जानूला उठवायला गेल्या, तेव्हा ती उठली नाही. दवाखान्यात नेलं, तिथेही उठली नाही.

काय झालं ते कुणी नीट सांगू शकलं नाही. ताप डोक्यात गेला असेल, म्हणाले. घरी भेटायला येणारे मात्र ठामपणे सांगत होते. हर्षदची आत्या रत्नप्रभा दारातच म्हणाली, "शिकलेली ना ही. सारखी त्या मोबाईलमध्ये बघून पोर वाढवायची. तापातल्या पोरीला उपाशी झोपवतात का?" रुचिका आतल्या खोलीत होती. भिंत पातळ होती.

त्या आठवड्यात रुचिका हर्षदला म्हणाली, "सगळं घेऊन जा. कपडे, खेळणी, पाळणा, नाळ, सगळं. मला काही दिसायला नको." हर्षदने गाठोडं बांधलं आणि काकाच्या होडीतून नेऊन समुद्राला दिलं.

त्या गाठोड्यात दोन गोष्टी गेल्या नाहीत. जावळाची पिशवी रुचिकाने गुपचूप आपल्या साड्यांखाली सरकवली. आणि मला सुगंधाने पदराआड घेऊन स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवलं, सुक्या बोंबलांच्या डब्यामागे. दोघींनी एकमेकींना सांगितलं की सगळं गेलं.

तेव्हापासून मी माळ्यावर राहिले. शेजारी बोंबील होते, पण ते बोलके नव्हते. तुम्हाला गंमत वाटेल, त्यांच्याही पेशींत तोच दुपदरी दोर आणि तेच चार बेस आहेत. फक्त ओळ निराळी. पण ते यायचे आणि कालवणात जायचे. मी तिथेच.

अंधारात मी एकाच गोष्टीचा विचार करायची. माझ्यातल्या दोरावर जानूचं पुढचं सगळं होतं. तिचे दुधाचे दात कधी पडणार, पक्के दात कसे येणार. ती आईएवढी उंच होणार की आजीसारखी बुटकी. तिचा आवाज मोठेपणी कसा लागणार. सगळं तयार होतं, आणि ते वाचणारी एकही जिवंत पेशी जगात उरली नव्हती. मित्रांनो, एकटेपणा म्हणजे शेजारी कुणी नसणं, असं तुम्हाला वाटत असेल. मला वाटतं, आपल्याजवळ सांगण्यासारखं इतकं काही असावं आणि कुणी विचारूच नये, तो खरा एकटेपणा.

दोन पावसाळे गेले. एक दिवस खालून उलटीचा आवाज आला आणि मागोमाग सुगंधाचा. "किती दिवस झाले गो? मना सांगायचं नाय का?"

रुचिकाला पुन्हा दिवस गेले होते. घरात आनंद व्हायला हवा होता, पण तो दबकतच आला. रुचिका आता पहिल्यापेक्षा जास्त घाबरायची. बसल्या बसल्या पोटावर हात ठेवून थांबायची, जणू काही ऐकू येतंय का ते बघतेय. पहिल्या बाळाला काय झालं होतं हे कळल्याशिवाय दुसऱ्याला कसं सांभाळायचं, हा एकच प्रश्न ती हर्षदला पुन्हा पुन्हा विचारायची. शेवटी डॉक्टरांनी त्यांना मरोळच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे डीएनए तपासायचे.

त्या दिवशी ती दोघं परत आली तेव्हा सुगंधा भाकऱ्या थापत होती. मी वरून सगळं ऐकलं.

"काय म्हणाले?"

"जावळ चालत नाही," रुचिका म्हणाली.

भाकरी थापायचा आवाज थांबला. "कुठला जावळ?"

रुचिका म्हणाली, "जानूचं. मी ठेवलं होतं, आई. तुम्हाला बोलले नाही."

"आणि चालत का नाय? तिचेच केस ना?"

"केसाच्या मुळाशी जिवंत पेशी असतात, वरच्या दांडीत नसतात," हर्षदने सांगितलं. "तिथल्या विनिता मॅडम बोलल्या, उपटलेले असते तर झालं असतं. मामाने कात्रीने कापले. त्यात जे हवंय ते मिळणं कठीण."

"वा रे शास्त्र. पोरीचे केस उपटायचे होते का त्याने?"

"आई, तिचं काहीतरी हवंय. त्यांनी विचारलं, दात आहे का? म्हटलं, दोनच आले होते, पडायचं वय कुठे होतं तिचं. रक्ताचा नमुना? नाही. माझं नि हर्षदचं रक्त घेऊन ठेवलंय त्यांनी. पण कुठला आजार हेच माहीत नाही तर शोधणार कुठे? जानूचं काही मिळालं, तर बाळ येण्याआधी कळेल म्हणाल्या. मग पहिल्या दिवसापासून काय जपायचं ते सांगता येईल." तिचा आवाज बारीक झाला. "नाळ असती तरी चाललं असतं. मीच टाकायला सांगितली."

भाकरी करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला.

मला वाटलं, आता स्टूल सरकेल, आता हात वर येईल. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी रत्नप्रभा आत्या चहाला आली तेव्हा मला कारण कळलं. सुगंधाने तिला आडून विचारलं, "गेल्या पोराची नाल घरात राहिली, तर काय होतं गो?"

"ठेवतात का कुणी? मागून येणाऱ्या पोराला ओढते ती," आत्या म्हणाली. "आधी समुद्राला दे. तू ठेवलीस की काय?"

"मी कशाला ठेवू," सुगंधा म्हणाली.

आत्या गेल्यावर दुपारी स्टूल सरकलं. बोंबलांचा डबा बाजूला झाला आणि सुगंधाच्या हाताने मला उचललं. त्या हाताला मासळीचा आणि मिठाचा वास होता. ती मला मरोळला नेत नव्हती. ती मला बंदरावर नेत होती.

ओहोटी होती. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते, तिथे सावली बघून ती बसली. डबी मांडीवर ठेवली. किती वेळ बसली कोण जाणे. दोनदा उठली, पाण्याकडे चार पावलं गेली, परत येऊन बसली. समुद्रात पडले असते तर वाळलेली मी पुन्हा ओली झाले असते, आणि ओल्यात माझे उरलेसुरले दोरही विरघळून गेले असते. जानूचं म्हणून जे काही जगात होतं, ते एका लाटेत संपलं असतं.

"आई."

रुचिका मागे उभी होती. सासू टोपली न घेता भर दुपारी कुठे चालली, हे तिने खिडकीतून पाहिलं होतं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. पोट सावरत ती मागोमाग आली होती.

"काय आहे त्यात?"

"केशर होतं तुझं, कवातरी."

"आणि आता?"

सुगंधाने डबी घट्ट धरली. "सगला दिला होता समुद्राला. हे नाय दिलं. हात नाय झाला माझा. आता तुला दुसरं व्हायचं हाय आणि आत्या बोलते, ही त्याला ओढील. मग मी काय करू? हिला जपू का त्याला जपू?"

रुचिका वाळूतच खाली बसली. ती चिडेल असं सुगंधाला वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "घाल शिव्या. मी खोटं बोलले."

"मी पण बोललेच की," रुचिका म्हणाली. "जावळ साड्यांखाली होतं माझ्या." तिने हात पुढे केला. "आई, ती ओढणार नाही. तिचंच धाकटं भावंड आहे हे. द्या."

सुगंधाने डबी दिली. रुचिकाने झाकण उघडलं. उजेड आत आला आणि तिने मला पाहिलं, जानू गेल्यानंतर पहिल्यांदाच. तिने वास घेतला. मग झाकण लावलं, डबी दोन्ही हातांत धरली आणि तिथेच खूप वेळ रडली. सुगंधा एका हाताने तिची पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हाताने वलांडीवरचे कावळे हाकत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही मरोळला गेलो. औद्योगिक वसाहतीतली जुनी इमारत होती. खाली पत्रे कापायचा आवाज, वर काचेमागे शांत, थंड प्रयोगशाळा. विनिता मॅडमनी डबी उघडून चष्मा वर केला. निमेश नावाचा त्यांचा सहकारी वाकून बघायला लागला.

"मॅडम, ही तर सुकट झालीय."

"सुकटच ती. आमच्या घरची," सुगंधा म्हणाली. "चालंल का नाय ते सांग."

"सुकलीय म्हणून तर आशा आहे," विनिता मॅडम म्हणाल्या. "ओली राहिली असती तर कुजली असती. पण तुटलेलं असणार सगळं. पुरेसं निघेल याची खात्री देत नाही मी."

निमेशने पात्याने माझा छोटासा तुकडा कापला. दुखलं नाही. तो तुकडा धुतला, भिजवला, पेशींची आवरणं सोडवणाऱ्या औषधात ठेवला. शेवटी नळीत थंड अल्कोहोल ओतलं आणि त्या पाण्यात पांढरट धुक्यासारखं काहीतरी जमलं. कापसाच्या तंतूहूनही कमी. डबीत उरलेल्या मला काचेतून ते दिसलं. इतकी वर्षं जे माझ्यात होतं ते मी स्वतः पहिल्यांदा पाहत होते.

निमेशने नळी उजेडात धरली. "निघालं. थोडंसं आहे, पण आहे."

काचेपलीकडे रुचिका कपाळ टेकवून उभी होती. ते धुकं म्हणजे जानू नव्हती, हे तिला कळत होतं. तरी तिने नळीकडे बघून हात थोडासा वर केला. कुणाला दिसू नये असा.

काही आठवड्यांनी निकाल आला. तेव्हा मी रुचिकाच्या पर्समध्येच होते, आता ती मला कुठे ठेवायला तयार नव्हती.

"प्रत्येकाकडे या दोराच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बाबांकडून," विनिता मॅडम सांगत होत्या. "तुमच्या एका प्रतीत एका जागी एक बेस बदललेला आहे. हर्षदच्या एका प्रतीतही, त्याच भागात. तुम्हाला दोघांना त्रास नाही, कारण दुसरी प्रत चांगली आहे. जानकीला दोन्हीकडून बिघडलेलीच मिळाली."

"माझ्याकडून गेलं तिला," रुचिका म्हणाली.

"माझ्याकडून पण गेलं," हर्षद म्हणाला. "ऐकलं नाहीस का?"

मग मॅडमनी आजार समजावला. मित्रांनो, तो तुम्हालाही समजेल. पेशीला कुठलंही काम करायला ताकद लागते, आणि ती ताकद एटीपी नावाच्या एका न्यूक्लिओटाइडमध्ये साठवलेली असते. हो, न्यूक्लिओटाइडच. अ‍ॅडेनिन, साखर, आणि शेपटीला एकाऐवजी तीन फॉस्फेट. शेवटचं फॉस्फेट सुटलं की ताकद मोकळी होते. हृदय त्याच्यावर चालतं, मेंदू त्याच्यावर चालतो. वापरलेलं एटीपी पुन्हा पुन्हा भरावं लागतं. खाल्लेल्या अन्नावर ते भरतं. पोट रिकामं असलं की शरीर साठवलेली चरबी जाळून ते भरतं. जानूमध्ये चरबी जाळणारा एक कामकरी बिघडलेला होता. दूध पोटात असेपर्यंत सगळं ठीक. ताप, उलट्या, उपास आणि लांबलेली झोप एकत्र आली, आणि तिच्या पेशींना भरायला काही उरलं नाही.

मग रुचिकाने तो प्रश्न विचारला. ती विचारणार हे मला माहीत होतं.

"म्हणजे त्या दुपारी मी तिला उठवलं असतं तर?"

विनिता मॅडमनी उत्तर टाळलं नाही. "उठवून दवाखान्यात नेलं असतं, शिरेतून साखर गेली असती, तर कदाचित वाचली असती. कदाचित. पण तापातलं बाळ झोपलं की जगातली कुठलीही आई त्याला झोपू देते. तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही चुकला नाहीत."

रुचिकाने मान हलवली, पण ते तिच्या आत उतरलं नाही. काही गोष्टी खऱ्या असल्या तरी लगेच उतरत नाहीत.

सुगंधा जमिनीकडे बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "मिक्सर बंद केला मी."

रुचिकाने न बघता तिचा हात धरला.

बाळ जन्मलं. मुलगा. त्याच्या नाळेतलं रक्त लगेच मरोळला गेलं. यावेळी कुठे शोधायचं ते माहीत होतं. चारात एकदा असं होतं की दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच बाळाला मिळतात. या बाळालाही दोन्ही मिळाल्या होत्या. पण मित्रांनो, जानूच्या वेळी जे कुणालाच माहीत नव्हतं ते याच्या वेळी सगळ्या घराला माहीत होतं. याला उपाशी ठेवायचं नाही. ठरलेल्या वेळी दूध द्यायचं, झोपला असला तरी उठवून. ताप आला, उलटी झाली, की थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

त्याची नाळ पडली तेव्हा रुचिका घाबरली नाही. सुगंधाने ती सावलीला वाळवली आणि नव्या केशरडबीत घातली. आता आम्ही दोघी कपाटाच्या खणात शेजारी शेजारी आहोत, मागे जावळाची पिशवी. ती नवीन नाळ अजून माझ्याशी फारसं बोलत नाही. तिच्यातलं सगळं कुणीतरी पाळण्यात रोज वाचतंय, तिला माझी गरज नाही. माझ्यातले जानूचे पक्के दात, तिची उंची, तिचा आवाज अजून तसेच न वाचलेले आहेत. ते तसेच राहणार. एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, ते मी दिलं. बाकीचं कुणी विचारणार नाही.

आत्या मधे एकदा येऊन म्हणाली, "झोपलेल्या पोराला कोण उठवतं? किती ते भ्यायचं." रुचिकाने घड्याळाकडे पाहिलं आणि बाळाला उचलायला गेली.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी आई अशी असेल. बाळाच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजणारी, साध्या शिंकेने दचकणारी. तिला हसू नका. तिच्याजवळ जरा बसा, तिला विचारा. आणि कुणाच्या घरातलं बाळ गेलं असेल, तर आईच्या दारात उभं राहून कारणं सांगू नका. खरं कारण कधी कधी इतक्या बारीक दोरात असतं की ते तुम्हालाही दिसत नाही आणि तिलाही. आणि तुमची नाळ घरात कुठे ठेवली असेल तर ती टाकू नका, कोरडी ठेवा. कधी तरी उघडून बघा. आतली बिचारी वाट बघत असते.

आज दुपारी बाळ गाढ झोपलं होतं. दुधाची वेळ झाली. रुचिकाने त्याच्या तळपायांना गुदगुल्या केल्या, गालाला ओला हात लावला, नावाने हाका मारल्या. तो कूस बदलून पुन्हा झोपला. "आई, हा उठतच नाही," तिने हाक मारली, आणि तिच्या आवाजात ती जुनी दुपार होती.

"उठंल गो. थांब."

स्वयंपाकघरात मिरच्या ओतल्याचा आवाज आला. झाकण बसलं. आणि सुगंधाने मिक्सर सुरू केला, पूर्ण जोरात, आणि बंद करेना. कपाटाचा खण थरथरला, आमच्या दोन्ही डब्या एकमेकींवर किणकिणल्या.

पाळण्यात बाळ दचकलं, त्याने दोन्ही हात हवेत फेकले आणि मोठ्याने भोकाड पसरलं.

सुगंधाने मिक्सर बंद केला. घरभर फक्त ते रडणं राहिलं. ते थांबावं म्हणून कुणी घाई केली नाही.